तिरकी काच

अण्णा,

काच मी पुसली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. भोरचं दुकान आता मी चालवते. रोलचे दिवस संपले, लोक मोबाईलवरच एकमेकांचे फोटो काढतात, माझ्याकडं येतात ते पासपोर्ट फोटोला आणि झेरॉक्सला. हात रिकामे असतात. म्हणून गेल्या महिन्यात तुमचा तो जुना रशियन कॅमेरा पेटीतून काढला आणि दुरुस्तीला घेतला. आई म्हणाली, "कशाला त्या अवदसेला भाईर काढतीस?" मी ऐकलं नाही. ऐकायचं नाही, हेही तुमचंच.

मी काच पुसली त्या वर्षी तो कॅमेरा पावसाळाभर पेटीत पडून होता, आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींनाही बुरशी. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याला डोळा लावलात तर बघायच्या खिडकीत नुसतं धुकं. मला तुम्हीच दाखवलं होतं, खिडकीच्या मधोमध एक पिवळट ठिपका असतो, त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, भिंगाचं कडं फिरवत राहायचं, दोघांचा एक झाला की बटण दाबायचं. तो ठिपकाच दिसेना. आठवडाभर तुम्ही धुमसत होतात. बुधवारी जेवताना ताट भिंतीवर फेकलंत. भाजीत मीठ बरोबर होतं अण्णा, खिडकी अंधुक होती. आईनं भिंत पुसली, फरशी पुसली आणि तुम्हाला दुसरं ताट वाढलं. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, आणि मला एवढंच वाटलं की हा कॅमेरा नीट झाला तर घरही नीट होईल.

तुम्ही वेल्ह्याला गेला होतात त्या दुपारी मी वरचं झाकण उघडलं. स्क्रू कसे काढायचे ते तुमचं बघून बघून पाठ झालं होतं. खिडक्यांच्या काचा स्पिरिटच्या कापसानं पुसल्या, बुरशी निघाली. मग आत ती तिरकी काच दिसली, नखाएवढी, तिच्यावर सोनेरी करडा थर. मला तो मळ वाटला. मी घासला. कापूस करडा झाला, काच लख्ख झाली. डोळा लावला तर रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचता येत होत्या. ठिपका शोधायचं मला सुचलंही नाही, आनंदानं झाकण लावून टाकलं. तो थर म्हणजे अर्धा आरसा, माणूस दुसऱ्यांदा दिसतो तो त्याच्यामुळंच, तो गेला की ठिपकाही गेला, हे मला कुणी सांगितलं होतं? तुमची शिकवायची रीतच ती. आधी सांगायचं नाही, चुकलं की हाणायचं.

दुसऱ्या दिवशी पासलीला लग्न होतं. तिथं मांडवात तुम्हाला कळलं की खिडकी स्वच्छ आहे आणि ठिपकाच नाही. पावलं मोजून, अंदाजानं फोटो काढलेत. रोल धुतला तर निम्मे चेहरे पुसट. त्यात नवरदेवाचा आजा लग्नानंतर आठ दिवसांत गेला. त्याचा उभ्या जन्मातला फोटो तेवढाच, आणि त्यात म्हाताऱ्याला नाक-डोळे नव्हते. नवरदेवाचे दोघे भाऊ दुकानात आले. "आमचा आजा कुठाय ह्यात? दाव की!" म्हणून एकानं तुमची मान धरून तोंड फोटोवर दाबलं. दुसऱ्यानं कानाखाली वाजवली, एकदा नाही, पाच-सहा वेळा, आणि जाताना शोकेसची काच लाथेनं फोडली. एसटी स्टँडवरची माणसं बघायला जमली होती. तुमचा चष्मा माझ्या पायाशी येऊन पडला. मी काउंटरला होते, जागची हलले नाही. तुम्ही हात जोडून उभे होतात. तुमचे हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि, खरं सांगते, मला बरं वाटलं.

घरी येऊन तुम्ही कॅमेरा उघडलात. आत बघितलंत आणि विचारलंत, "कुणी पुसलं ह्ये?" मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. आई मधे पडली. दर खंडेनवमीला ती कॅमेरा पदरानं पुसून त्याला हळदकुंकू लावायची आणि दर खंडेनवमीला तुम्ही तिच्यावर खेकसायचात. ती म्हणाली, "व्हय, म्याच पुसला. पूजेला." तुम्ही कॅमेऱ्याचं लोखंडी स्टँड उचललंत. पहिला फटका तिच्या पाठीत बसला. दुसऱ्याला तिनं हात आडवा धरला, आणि मनगट मोडल्याचा आवाज मला परातीपाशी ऐकू आला. तरी तुम्ही थांबला नाहीत. त्या पोरांनी दिलेली एकेक थप्पड तुम्ही तिच्या अंगावर उतरवलीत. शेजारच्या मावशी दाराची कडी वाजवत ओरडत होत्या, "अवं मरंल ती! सोडा तिला!" तव्यावरची भाकरी जळून धूर झाला. मी ती उलटलीसुद्धा नाही.

झाकण उघडल्याशिवाय त्या काचेला बोट लागत नाही, आणि आईनं आयुष्यात कधी स्क्रू फिरवलेला नव्हता. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मग उघडणारी दुसरी कोण, तेही कळलंच असणार. की काच कुणी पुसली याच्याशी तुम्हाला घेणंदेणंच नव्हतं, मारायला समोर कुणीतरी हवं होतं? तीन वर्षांनी तुम्ही दुकानातच खुर्चीत बसल्याबसल्या गेलात, आणि विचारायचं राहिलं. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी मनानं घट्ट आहे. आईचं मनगट हाडवैद्यानं बसवलं ते वाकडंच बसलं, अजून तिला पिळा पिळता येत नाही, लुगडी मी पिळून देते. दर वेळी वाटतं, आज सांगावं. लुगडं वाळत घालते आणि आत जाते.

पुण्याच्या जुन्या बाजारातून तसलाच एक बंद पडलेला कॅमेरा आणला आणि त्याची तिरकी काच काढून घेतली. परवा सकाळी ती आपल्या कॅमेऱ्यात बसवली, चारी कोपऱ्यांना नेलपॉलिशचे थेंब लावले आणि वाळायला ठेवली. हात धुऊन येते तर आई टेबलावर वाकलेली, पदर कॅमेऱ्यावर लोंबतोय, हात काचेपाशी. माझं डोकंच फिरलं. "हात लावू नको म्हणून किती वेळा सांगायचं गं तुला!" म्हणून मी तिच्या हातावर मारलं. बाजूला सारला असं नाही, मारलं, आणि बसलं ते त्याच मनगटावर. स्टीलची वाटी खणकन खाली पडली. काचेवर धूळ बसू नये म्हणून ती वाटी पालथी घालायला आली होती. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, तुमच्यापुढं घ्यायची तसे, आणि म्हणाली, "त्या खेपेला लावला न्हवता बाय, ह्या खेपेलाबी न्हाई लावला."

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी कसंबसं विचारलं, कसं कळलं? वाटी उचलून पदराला पुसत ती म्हणाली, "त्या दिशी तुज्या हाताला इंजेक्शनचा वास येत व्हता." एवढंच बोलली, आणि वाटी काचेवर पालथी घालून तांदूळ निवडायला गेली.

काल काच वाळली. लांबचं जुळवायला गच्चीवरून रोहिड्यावर नेम धरला, ठिपक्यात गडाचे दोन माथे होते त्यांचा एक झाला. जवळचं जुळवायला समोर तीन फुटांवर माणूस बसवावा लागतो. घरात माणूस एकच आहे, आणि तिला माझ्यासमोर येऊन बस म्हणायला अजून माझी जीभ वळत नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पेटीत कॅमेऱ्याखाली ठेवते. इतकी वर्षं तुमच्याविरुद्ध माझं एक गाऱ्हाणं होतं, ते आता मला धड मांडता येत नाही. हात माझाही उठला, आणि तो तिच्या मनगटावर बसला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं.