टोळची उडी आणि शिंपीकाकांचा सोफा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग शब्दशः घ्यावा. कंबर धरल्यामुळे डॉक्टरांनी मला तीन दिवस जमिनीवर सपाट पडून राहायला सांगितलं आहे आणि हे पत्र मी छातीखाली उशी घेऊन पालथा पडून लिहितो आहे. ओळी उताराला लागलेल्या दिसतील, तिकडे काणाडोळा कर.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की अजून तो त्यांच्या आधी खोलीत येतो? इकडे आम्ही सर्व मजेत. हे 'मजेत' मी तुला पंधरा वर्षं लिहीत आलो आहे, त्याबद्दल जरा बोलायचं आहे. पण ते पुढे, जागा उरली तर.

असं पडून वर पाहिलं की पॅसेजमधली दोरी दिसते. ही दोरी तुला माहीत नाही. आपली टोळ (म्हणजे तुझी भाची; हे नाव तिच्या आईनं ठेवलं, कारण ही कधी चालत आली असं झालंच नाही) आठ वर्षांची असताना तिनं माझ्याकडून समोरासमोरच्या भिंतींत दोन खिळे ठोकून घेतले, त्यांना दोरी बांधली आणि पलीकडे घरातल्या झाडून सगळ्या गाद्या टाकल्या. तेव्हा दोरी माझ्या गुडघ्याला लागायची, आम्ही ओलांडून जायचो. मग ती मांडीला आली, मग कमरेला. आता माझ्या हनुवटीला लागते आणि स्वयंपाकघरात जाताना आम्ही वाकून जातो. (मधली दोन वर्षं ओलांडावं की वाकावं हेच ठरत नव्हतं. त्या काळात कपबश्या फार फुटल्या.) आता पोर चौदा वर्षांची आहे. दोरीवरून जाताना ती वर क्षणभर थांबते, ताई. थांबत नसणार, शास्त्रात बसत नाही, पण मी पाहिलंय. लिफ्ट वर जाऊन मजल्याला लागायच्या जरा आधी पोटात एकदम हलकं होतं बघ. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, पण या धंद्यातला मला मनापासून आवडतो तो तेवढाच एक क्षण. ही पोरगी त्या क्षणात राहायलाच गेलीय असं वाटतं. मी कप हातात घेऊन बघत बसतो, चहा निवतो, कामाला उशीर होतो आणि आमची ही म्हणते, घरात एक उडतेय, एक तरंगतोय, जमिनीवर काय ती मी एकटी.

तर शाळाशाळांच्या स्पर्धेत टोळ स्वतःच्या डोक्याहून उंच दांडीवरून गेली आणि पुढच्याच आठवड्यात जाड कागदावरचं दोन पानी पत्र आलं. दूरच्या गावी टेकडीवर एक मोठी खासगी शाळा आहे, वसतिगृहासकट. तिथली एक वर्षाची फी मी दोनदा विचारून घेतली. पण शाळा म्हणत होती की आपल्या कन्येचं सर्वांगीण व्यक्तिमत्त्व आम्हाला भावलं आहे, सबब आमच्या मदत समितीच्या बाई रविवारी आपलं घर पाहायला येतील. उडीबद्दल अवाक्षर नाही. मी ते पान तीनदा वाचलं आणि छातीशी धरून गॅलरीत उभा राहिलो. दुसरं पान वाचा, असं ही दोन दिवस सांगत होती. मी दुसरं पान वाचत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. (नव्या लिफ्टबरोबर येणारं पुस्तकही मी पहिल्या पानापलीकडे वाचलेलं नाही. लिफ्ट चालतात.)

आता माझ्या डोक्याचं ऐक. लिफ्टचं दार उघडतं तेव्हा आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका पातळीत यायला हवी. बोटभर जरी फरक राहिला तरी माणूस ठेचकाळतो. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या शाळेतल्या बाई आपल्या दारात पाऊल टाकणार, तर त्यांना पायरी लागता कामा नये. आपलं घर वर उचलायचं. मग काय, शनिवारी सबंध इमारत कामाला लागली. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी हिरवा सोफा दिला, दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पितळेचा उंच दिवा आणि भिंतीवरचं समुद्राचं चित्र दिलं. गालिचा कोणाचा आला ते मला अजून नक्की माहीत नाही. गाद्या पलंगाखाली कोंबल्या. दोरी तेवढी राहिली, कारण ती सोडू म्हटल्यावर टोळनं माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात खाली आला. मग दोरीवर डॉक्टरीणबाईंचा पडदा टाकला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, इथे तर वाळासुद्धा शेजारचा होता.

सोफा लिफ्टमध्ये उभा करून आणताना त्याच्या पायानं दाराचा खटका किंचित वाकला. मला ते कळलं होतं. (तू तरी कोणाला सांगू नकोस. लिफ्टवाल्याच्या इमारतीतली लिफ्ट म्हणजे वैद्याच्या घरचा खोकला.) रविवारी मी खाली जाऊन बाईंना घेऊन आलो, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये दार नीट लागलेलं नाही अशी लिफ्टची समजूत होऊन ती जागच्या जागी थांबली. बाई उंच, पन्नाशीच्या, हातात वही, पायात खेळाचे बूट. मी तोवर तळमजल्यापासून घरच्या सोफ्याचं वर्णन करत होतो. दिव्यापर्यंत पोचलो तेव्हा बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "तुम्ही दुसरं पान वाचलेलं दिसत नाही."

मग त्या अडकलेल्या पेटीत त्यांनी मला दुसरं पान तोंडी सांगितलं. उडी मारणाऱ्या पोरांना उडीसाठी पैसे द्यायचे नाहीत, असा या शाळांचा आपसातला नियम आहे. गरजेसाठी दिले तर चालतात. म्हणून मुलगी उडणारी हवी आणि घर गरजू हवं, आणि या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे असं कोणी बोलायचं नाही. बाई घर पाहायला आल्या होत्या ते आमच्याकडे काय नाही हे मोजायला. आणि वर सोफा माझी वाट पाहत होता! मी उगाच सगळी बटणं दाबून पाहिली. बाई मात्र भिंतीला टेकून शांत उभ्या होत्या. म्हणाल्या, त्यासुद्धा लहानपणी उडी मारायच्या. तेव्हा त्यांच्या घरी कोणी जाड कागदावरचं पत्र पाठवलं नाही. ना वर ना खाली अशा जागी माणसं खरं बोलतात, हे मी कामात पुष्कळदा पाहिलंय.

मी वर तोंड करून हिला हाक मारली. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत काय करायचं ते मी मायलेकींना शिकवून ठेवलं आहे. हिनं ब्रेकचा दांडा दाबून धरला, टोळनं चाक हातात घेतलं. लिफ्टला पाठीमागे तारेच्या दुसऱ्या टोकाला एक लोखंडी वजन असतं, ताई. लिफ्ट वर गेली की ते खाली जातं. आत दोनच माणसं असली तर ते वजन जड भरतं, आणि ब्रेक सुटला की लिफ्ट आपली आपण वर निघते. चाक फक्त आवरून धरायचं. तशी आम्ही निघालो. आवाज नाही, घाई नाही, दाराच्या फटीतून तिसऱ्या मजल्याची भिंत सावकाश खाली सरकत होती. बाई डोळे मिटून हसत होत्या. वरच्या चाकावर माझ्या पोरीचे हात होते आणि ती मला हळूहळू वर घेत होती. मला वाटलं, चौथा मजला जरा उशिरानं आला तरी चालेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाई सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच शिंपीकाका आले. त्यांच्याकडे अचानक पाहुणे आले होते आणि बसायला काही नव्हतं. सोफा गेला. मग डॉक्टरीणबाईंचा माणूस दिवा न्यायला आला, जाताजाता चित्र आणि पडदाही घेऊन गेला. गालिचा न्यायला एक गृहस्थ आले, त्यांना आम्ही कोणीच ओळखत नव्हतो. बाई उठत होत्या, बसत होत्या, शेवटी उभ्याच राहिल्या. रिकाम्या खोलीपलीकडे पॅसेजमध्ये दोरी तेवढी उरली. बाई तिच्यापाशी गेल्या, खिळ्यांच्या जुन्या भोकांवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं, आणि वहीत काही न लिहिता स्वयंपाकघरात वाकून गेल्या. (लिफ्ट बंद, म्हणून तो सोफा शिंपीकाका आणि मी जिन्यानं तीन मजले उतरवला. कंबर तिथे गेली.)

मग बुधवारी टोळला शाळेचं वाचनालय दाखवायला बोलावलं. कमरेला पट्टा बांधून मीही गेलो. वाचनालयाची वाट मैदानावरून जात होती. मैदानात योगायोगानं गादी अंथरलेली होती, योगायोगानं दांडी लावलेली होती, आणि योगायोगानं पाच माणसं मोजपट्टी घेऊन फिरायला आली होती. दांडी तिनं आजवर कधी पार केली नव्हती तेवढी उंच. टोळनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि धावत सुटली. आता जे लिहितो ते तुझ्यापाशीच राहू दे, हिलासुद्धा बोललेलो नाही. ती धावत असताना मी मनात म्हणालो, पडू दे. दांडी पडू दे. बाप असून म्हणालो. आणि पोर वर गेली, आणि ती तिथे थांबली, ताई, मी शपथेवर सांगतो, आभाळात पाठ टेकून पडल्यासारखी. टाच दांडीला लागली. दांडी थरथरली. थरथरली आणि जागेवर राहिली. वाचनालय पाहायचं राहूनच गेलं.

तर असं सगळं आहे. कळावे. जे कळवायचं नव्हतं तेही अर्धंअधिक कळलंच आहे. लोभ असावा असं दर पत्रात लिहितो; या वेळी तो खालचा मजकूर वाचून झाल्यावरही असावा.

तुझा,
पालथा भाऊ

ता. क. सोबत शाळेचा एक फॉर्म आहे. आमच्या घराला दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या, परगावच्या, जबाबदार माणसानं आमची परिस्थिती स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायची आहे. माझ्या ओळखीत जबाबदार माणूस तू एकटीच. खरं असेल ते लिही. अडचण एवढीच की खरं मी तुला कधी कळवलं नाही. माझी स्वतःची कंपनी नाही, मी दुसऱ्याच्या कंपनीत पगारावर आहे. हाताखालची चार माणसं म्हणजे मीच, चार वेगवेगळ्या दिवशी. फोटोतली गाडी कंपनीची. टपावरची शिडी मी फोटोपुरती उतरवली होती. टोळची बागेकडे तोंड असलेली खोली म्हणजे तो पॅसेज. तू नोकरी करून मला शिकवलंस, त्याचं चीज झालं असं तुला वाटावं, एवढंच त्यात होतं.

ता. क. २. आत्ता पडल्यापडल्या सुचलं. तू दरवर्षी टोळला बूट पाठवतेस, एक माप मोठे. ज्या घरात गाडी आणि कंपनी आहे तिथे कोणी न सांगता बूट पाठवतं का? म्हणजे तुला ठाऊक होतं. पंधरा वर्षं ठाऊक होतं आणि तू प्रत्येक पत्राला 'वाचून आनंद झाला' असं उत्तर दिलंस. त्या दिवशी दांडीवरून गेले ते तुझेच बूट.

ता. क. ३. फॉर्म वीस तारखेच्या आत पोचायला हवा. तुझे गुडघे दुखत असतील तर टपालात टाकायची घाई करू नकोस. एकवीसला पोचला तरी कोणी तुला बोल लावणार नाही, टपाल हल्ली उशिरा येतंच. पोर आणखी एक वर्ष घरी राहील, एवढंच होईल. नाही, ताई. असं करू नकोस. आजच पाठव. दोरी मी काढणार नाही. वाकून जायची आता आम्हाला सवय झाली आहे.

ता. क. ४. पत्र टाकायला टोळच जाणार आहे, गच्चीवर वाळत घातलेले बूट तेवढे आणायला गेली आहे. पेटी रस्त्याच्या पार टोकाला आहे आणि ती धावत जाईल. एकदा सुटली की मागून हाक मारून उपयोग नसतो, म्हणून मी मारणार नाही. गच्चीच्या जिन्यावर तिची पावलं ऐकू येताहेत. तीन-तीन पायऱ्या सोडत उतरतेय.