घरात मोठं कोण?

सोम., ३ नोव्हें.
गाइड सरांनी परत माझ्या प्रबंधाच्या अभ्यासाचं विचारलं. लकव्याचा पेशंट दारात आल्यापासून रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळेपर्यंत आपल्याकडे उशीर कुठं होतो, एवढंच शोधायचंय. सीटी स्कॅन पटकन होतो, औषध कॅज्युअल्टीतच असतं. अडतं ते नातेवाइकांच्या संमतीच्या सहीपाशी. या इंजेक्शननं कधी कधी मेंदूत रक्तस्राव होतो म्हटलं की सगळे फोन काढतात. मामा, चुलते, थोरले... "लोकच निर्णय घेत नाहीत, सर." "मग तसं लिही." डोक्याचं भजं झालंय नुसतं.

गुरु., ६
कुंडलचे वसंतराव. चाळिशीतला धडधाकट माणूस, उसाला पाणी पाजताना पडला. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. बायकोनं, शालनताईंनी, शेजाऱ्याच्या गाडीत घालून तडक आणलं. इतक्या लवकर कुणी येत नाही. सीटीत रक्तस्राव नाही. मी खूश!
सोबतच्या चुलतभावाला नेहमीसारखं विचारलं, "घरात मोठं कोण?"
"थोरलं भाऊ, सुभेदार. पर ते बॉर्डरला हाईत, रेंज न्हाई."
मग लाव फोन, लाव फोन. मी ओरडले, वेळ चाललाय हो! "आवं मॅडम, त्यांना न इचारता आमी कसं करायचं?" शालनताई नवऱ्याचा हात धरून उभ्या.
फोन लागला तोवर इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत संपलेली. सुभेदार म्हणतात, "देऊन टाकायचं की! विचारता काय?" बैल गेला अन् झोपा केला.

शुक्र., ७
राउंडला वसंतरावांच्या तोंडून नुसतं आ... आ... मला रागच आला. शालनताईंना म्हटलं, तुम्ही लोकांनी एवढा उशीर का केला?
"मी केली असती की सही. बचत गटाची मीच करते."
"मग बोलला का नाहीत?"
"तुमी मोठं कोण इचारलंत. जाऊबाई, दीर असताना मी कशी म्हनू, मी हाय?"
 सही करणारी बाई हाताच्या अंतरावर होती अन् मी...

बुध., १२
मी सगळ्यांना 'मोठं कोण' हेच विचारते. आमच्या घरीसुद्धा पाहुण्याला पहिला प्रश्न हाच. मान दिल्यासारखं वाटतं.
सरांना सांगितलं, उशीर आपल्या प्रश्नात आहे. सर म्हणाले, "बायकोनं सही केली अन् रक्तस्राव झाला, तर भाऊबंद कॅज्युअल्टी फोडतील." तेही खोटं नाही. मागं काचा फुटल्यात आमच्या.
दुपारी मलकापूरच्या एक आजी लकव्यानं आल्या. सुनेला सरळ विचारलं, "तुम्ही सही करता?" केली तिनं. लगेच इंजेक्शन दिलं. संध्याकाळी आजींनी बोटं हलवली. लय बरं वाटलं, अन् लगेच वसंतराव आठवले.

शनि., १५
वसंतरावांना घरी सोडलं. बोलणं नाहीच. हातही नाही. निघताना शालनताई बाजूला आल्या. "मॅडम, माजंच चुकलं. तवाच मधी बोलायला पायजे हुतं. आता जन्मभर..." पदर तोंडाला लावला.
तुमचं नाही हो, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. बाहेर चुलतभाऊ अन् बाकीचे भाऊबंद उभे. काचा आठवल्या. "गोळ्या चुकवू नका," मी म्हणाले.
लाज वाटते स्वतःची. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत खिडकीत उभी होते. हाक मारली असती तर थांबल्या असत्या.