फोटोखालची ओळ

१८ जानेवारी
सकाळी सिद्धण्णाचा फोन. महादेवीचा भाऊ, अक्कलकोटकडे शेती करतो. २९ तारखेला महादेवीला जाऊन वर्ष होतंय, त्याच दिवशी तो गावात बियाण्यांची सभा घेतोय. तिनं वाटलेलं वांग्याचं बी तिथल्या बायका अजून लावतात, म्हणून सभा तिच्या नावानं. बॅनरला फोटो हवाय. "दाजी, तुमी फकस्त फोटो द्या. बाकी समदं मी बघतो की."
आमच्या लेकीच्या, शैलाच्या लग्नातला पाठवला. हिरवं इरकल. त्यात ती हसते आहे.

१९ जाने.
बॅनरचा मजकूर आला. फोटोखाली लिहिलंय – "बीटी अन्नाचा बळी".
 सि. ला फोन केला. डॉक्टर म्हणाले होते, आजाराचं नेमकं कारण सांगता येत नाही. तेवढंच सांगितलं.
"डॉक्टरला काय म्हाईत दाजी? कापूस बीटी, त्याची सरकी बीटी, सरकीचं तेल आपल्या पोटात. अजून काय पायजे?"
बघू म्हणालो, फोन ठेवला.
म. ला बाजारातली कांदाभजी फार आवडायची. सरकीच्या तेलातली. "घरच्या करडईला ही चव न्हाय," म्हणायची. बी मात्र जुनंच हवं, राखेत घोळवून ठेवलेलं.

२० जाने.
सि. नं मजकूर घरच्या ग्रुपवरही टाकला. दुपारी शैलाचा फोन, हैदराबादहून. ती तिथं बियाण्यांच्या कंपनीत आहे, जनुकांचंच काम.
"अप्पा, म्हणजे अव्वाला मी मारलं. असंच ना?"
"असं कोणी म्हटलेलं नाही."
"म्हटलेलं नाही, छापलंय."
तेलात बीटीचं प्रथिन उरत नाही, असं काही समजावत होती. मध्येच थांबली. वर्षाच्या सभेला येणार नाही म्हणाली.
म. सगळ्यांना सांगायची, "माझी लेक वांग्याला इंजेक्शन देती." शैला चिडायची. मग दोघी एका ताटात जेवायच्या. ते सि. ला ठाऊक नाही असं नाही.

२२ जाने.
गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी. म. च्या डब्यातलं बी मी पावसाळ्यात लावलं होतं. चार झाडं जगली. वांगी काटेरी, लहान.

२३ जाने.
आज हसलो. सि. बॅनर घ्यायला सोलापुरात आला होता, तो थेट घरी आला आणि बैठकीत बॅनर पसरला. लिहून दिलं होतं "जवारी बी वाचवा". छापणाऱ्यानं स्पेलिंग चुकलं समजून सुधारलं – "ज्वारी बी वाचवा". वर हौसेनं कडेला ज्वारीची कणसं.
"आता लोक म्हन्तील, ज्वारी बी वाचवा, बाजरी बी वाचवा, अजून काय काय वाचवायचं ते सांगा!" सि. कपाळाला हात लावून बसला.
नवीन लग्न झालं तेव्हा माझंही हेच झालं होतं. म. म्हणाली, जवारी वांगी आणा. मी अकलूजचा, कानडीचा गंध नाही. जवारी म्हणजे गावरान, हे कुठलं कळायला. पायलीभर ज्वारी आणि वर हायब्रीड वांगी घेऊन आलो. माहेरी तिनं हे कितीदा सांगितलं असेल. सि. लाही आठवलं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.
बॅनर पुन्हा छापायचाच आहे तर फोटोखालची ओळ बदल, म्हणालो.
"मग काय टाकू? तुमी सांगा. पर अक्का काय उगाच गेली न्हाय, एवढं ध्यानात ठिवा."

२४ जाने.
ओळ सुचत नाही. नुसतं नाव टाका म्हणावं तर तो ऐकणार नाही.
एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. दवाखान्यातून परत येताना रिक्षात तिनं विचारलं होतं, "हे खाण्यातनं झालं असंल का वो?" मी म्हणालो, माहीत नाही. ती बरं म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. पुन्हा विषय नाही.
सि. ला सांगितलं तर त्याला पुरावाच मिळाला. शैलाला सांगितलं तर ती…

२५ जाने.
सांगितलं. आधी शैलाला, फोनवर.
 तिनं विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"
"माहीत नाही म्हणालो."
"मीही तेच म्हणाले असते, अप्पा. अव्वाच्या बाबतीत मला तेवढंच म्हणता येतं. पण मला का नाही विचारलं तिनं?"
 मामालाही सांगा म्हणाली.
संध्याकाळी सि. ला सांगितलं. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "अक्का असं म्हनली?"
"विचारलं तिनं. म्हणाली नाही."
"त्येच की वो."
"तेच नाही, सिद्धण्णा. टाकायचं तर तिचा प्रश्न टाक, जसा विचारला तसा. आपलं उत्तर तिच्या फोटोखाली नको."
"प्रश्नावर सभा हुती व्हय दाजी? लोक घरला जाताना काय घिऊन जातील?" मग म्हणाला, बघतो.

२८ जाने.
शैला आली. बॅग ठेवून आधी गच्चीवर गेली. वांगी तिनंच तोडली. काटा लागला तर म्हणाली, "जवारी आहे खरं." एक वांगं बियाला झाडावरच पिकू दिलं आहे, ते सोडलं.
सभेत बोलणार म्हणते. मामाला कळवलंय. त्यानं नुसता अंगठा पाठवला. त्याचा काय अर्थ घ्यायचा?

२९ जाने.
पहाटे भरली वांगी केली, करडईच्या तेलात. शैलानं मसाला भरला, मीठ मी घातलं. थोडं जास्त झालंय. फोटोपुढे नैवेद्य दाखवला, बाकीचं डब्यात.
बॅनर रात्री छापून गावात गेला. काय छापलंय कोणी पाहिलेलं नाही. सि. चा फोन लागत नाही, मांडवात असेल.
गाडी खाली उभी आहे. शैलाला विचारलं, तीच ओळ असली तर?
"तरी उतरायचं. अव्वाच्या गावात मी गाडीत बसून राहू का?" चपला घालता घालता म्हणाली, "आणि पुन्हा ज्वारी छापलं असलं तर मामाला हसायचं नाही, अप्पा. तुम्ही तर नाहीच."
निघतो.