खूण राहत नाही

३ मार्च
स्लायगो शहरातल्या दवाखान्यात आज रुजू झाले. एकसष्टाव्या वर्षी नवी नोकरी. काम सोपं आहे: छातीतली निरुपद्रवी गाठ काढलेल्या बायकांचे फोटो घ्यायचे, सहा महिन्यांनी आणि वर्षानं. मग समिती व्रण पाहून शेरा देते: उत्तम, बरा, साधारण, वाईट. स्वागतकक्षातली असम्प्टा मला म्हणाली, अट्रॅक्टा राणी, इथे वाईट कधी येत नाही, तू फक्त कॅमेरा हलवू नकोस. चहाबरोबर तिनं मनुकांचा पाव दिला. गुडघे दुखताहेत, पण मन हलकं आहे.

९ मार्च
मिस्टर हेनिगनांचं काम पाहिलं. (ते इथले सर्जन. सर्जनला मिस्टरच म्हणायचं, डॉक्टर म्हटलेलं त्यांना खपत नाही.) व्रण शोधावा लागतो. लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर कोलंबा आम्हाला रफू शिकवायच्या. डोळ्यांना दिसलं नाही तरी चालेल, म्हणायच्या, बोटाला लागलं पाहिजे, नाहीतर मोजा कुणाचा ते कसं कळणार. त्यांची फार आठवण आली.

घरी फिनोलाला सांगितलं. बहीण ब्रिजेट गेल्यापासून मीच वाढवलेली तिची मुलगी, आता चोविशीची. तिलाही तशीच गाठ आहे. गावच्या डॉक्टरांनी राहू दे म्हटलंय. ती म्हणाली, मावशी, खूण राहणार नसेल तर काढूनच टाकते. मीच तिला वेळ घेऊन दिली.

२० मार्च
एका बाईचे सहा महिन्यांचे आणि वर्षाचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. व्रण गेलाय. शेजारचा तीळही गेलाय. बाळंतपणाच्या रेघाही. दुसरीचंही तसंच. असम्प्टा म्हणाली, मलाही टाक बाई त्या टेबलावर, माझ्या पोटावर तीन पोरांचा नकाशा आहे.

मला हसू आलं नाही.

२७ मार्च
वर्ष झालेली एक बाई आली. तिला बेंबी नव्हती. तिथे हात फिरवून म्हणाली, छान वाटतं. नाव विचारलं, तर बराच वेळ आठवत राहिली. समितीचा शेरा: उत्तम.

२ एप्रिल
झोप नाही. फिनोलाला नको म्हटलं, सगळं सांगितलं. ती हसली. तुझ्या सिस्टरांनी तुला भित्रं करून ठेवलंय, म्हणाली.
हेनिगनांना गाठलं. शांतपणे म्हणाले, जे नको असतं तेवढंच जातं.
कुणाला नको— ते विचारायचं राहिलं.

८ एप्रिल
फिनोलाच्या ऑपरेशनची वेळ उद्याची होती. आजवर ओढली. मला कुणी कळवलं नाही. धावत खाली गेले. दार आतून—

११ एप्रिल
घरी आणली. तीनच दिवस झाले. इतरांना वर्ष लागलं.
व्रण नाही.
मावशी नाही, मला बाई म्हणाली. बाई, बघा ना, काहीच राहिलं नाही.

समोर बसली आहे. हात धरलाय तिचा. गरम आहे. दुसऱ्या हातानं लिहितेय, म्हणजे माझ्याही लक्षात राहील— तिला सांगतेय, तू फिनोला. ब्रिजेटची मुलगी. माझी—
ऐकतेय. मान हलवतेय.
ओठांच्या कडा पुसट होत चालल्यात—
फिनोला, बोल काहीतरी, लवकर, अजून तोंड