नाव घेतलं की जागा

१२ जानेवारी, सोमवार
चालतंय! चॅटमध्ये कोणी #चहा असं लिहिलं की नाव आपोआप निळं होतं, बोट लावलं की थेट त्या नावाच्या चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या वेगळ्या खोलीत. कोड माझाच, नियम माझाच, तरी वेड्यासारखी आत-बाहेर करत बसले. लिहिलेल्या शब्दाला दार फुटतं म्हणजे काय!

१३ जानेवारी
आज जमिनीवर. हिशेबवाल्याने लिहिलं, "फाईल #४ बघा." ४ चा आकडाही निळा! तसं चॅनेल नव्हतं, म्हणून दाबल्यावर प्रोग्रामने नवं उघडून दिलं. अर्धं ऑफिस आत जाऊन फाईल शोधतंय. आमच्या साहेबांना शिकवायची खोड, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. ते म्हणाले, "अहो, नुसत्या आकड्याला कशाला दार?" आकडे वगळले. तर कळलं, नावापुढचा स्वल्पविरामही चिकटून आत जातोय. एक निस्तरावं तर दुसरं तयार.

१४ जानेवारी
बाबांकडे बघवत नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच. जन्मभर बसस्टँडवर गाड्या पुकारलेला माणूस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लिहून का होईना, बोलते ठेवा. नाहीतर माणूस आतल्या आत मिटत जातो." पाटी दिली, वही दिली. हात लावत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आई स्वयंपाकघरातून एकटीच बोलत राहते, पलीकडून 'हं' येत असल्यासारखी. मला भीती वाटते. सरळच लिहिते – फार भीती वाटते.

१६ जानेवारी
जुन्या यंत्रांवर तपासायला हवं, आणि ऑफिसात सगळं नवंकोरं. म्हणून बाबांच्या टॅबवर आणि आईच्या फोनवर चाचणीचं चॅट टाकलं. आई म्हणाली, "मला कशाला गं ते? मला काय कळतंय त्यातलं!" बाबांनी डोळेही उघडले नाहीत. आम्हा तिघांसाठी 'घरच्या गप्पा' उघडल्या, त्यात #गच्ची लिहून दाखवलं, दाबून दाखवलं. टॅब त्यांच्या उशाशी ठेवून आले.

१७ जानेवारी
काही नाही.

१९ जानेवारी
मास्तरांचा हुकूम – जे चॅनेलच नाही त्याला लिंक द्यायची नाही. "माणूस रिकाम्या खोलीत जाऊन पडतो." बरोबर आहे त्यांचं. पण नुसतं नाव घेतलं आणि जागा तयार झाली, ही एवढी नवलाची गोष्ट आपल्याच हाताने पुसायची? उद्या पुसते म्हटलं.

२० जानेवारी
पुसलं नाही. दुपारी लवकर घरी आले. आईचा आवाज नाही. आत जाऊन बघते तर दूध उतू गेलेलं, आणि आई फोनमध्ये डोकं घालून एका बोटाने काहीतरी लिहितेय. हसतेय! मी विचारायच्या आधीच तिने फोन पुढे केला. घरच्या गप्पांत बाबांनी एकच शब्द लिहिला होता.

#आपण

असं चॅनेल जगात कुठे नव्हतं. त्यांनी नाव घेतलं, तिने दाबलं, आणि झालं. पलीकडच्या खोलीतून टॅबवर बोट आपटल्याचा आवाज येत होता. मी ओट्यापाशी उभी राहून तो ऐकला. रडू आलं ते येऊ दिलं. मग दूध पुसलं.

२१ जानेवारी
मास्तरांना म्हटलं, ती लिंक राहू द्या. "कारण?" "घरी वापरात आहे." "बरं, आठवडाभर राहू दे," म्हणाले.

२२ जानेवारी
राहवलं नाही. ऑफिसातून #आपण दाबलं. नव्याने आलेल्याला मागचं लिहिलेलं दिसत नाही – नुसती दोघांची नावं, त्यांच्याखाली आता माझं, आणि कोरी जागा. मग बाबांची ओळ आली. ऑपरेशननंतर मला म्हणून लिहिलेली पहिली.

"पोरी, दार वाजवून येत जा."