आपली शाळा घरजावई गेली त्याची हकीकत

राऊरकेला,
सोमवार, ता. ७ जुलै १९६९

तीर्थस्वरूप आनंदमामांच्या पायांवर (डावा गुडघा अजून धरत असेल तर नुसत्या उजव्यावर) भाच्याचं, म्हणजे शालिकरामचं डोकं.

मी काल इथे सुखरूप पोचलो. बिलासपूरपर्यंत उभा होतो, पुढे एका पैलवानाच्या वळकटीवर बसलो, आज सकाळी भट्टीपाशी कामावर हजर झालो. मुकादम म्हणाला, रजा चार दिवस जास्त झाली. मी म्हणालो, घरचं लग्न होतं. हे किती खरं आणि किती खोटं ते पुढे वाचल्यावर तुम्हीच ठरवा. तुमची प्रकृती कशी आहे? लतिकाच्या हातचं जेवण अंगी लागलं असेलच. पारशिवनीला पेरण्या झाल्या का? जावईबापू अजून तुमच्याशी बोलतात ना, की आठवा दिवस लागल्यावर नुसते पेपराच्या आडून पाहतात? (हे कंस लतिकाने मोठ्याने वाचू नयेत. मी ते मुद्दाम बारीक अक्षरात काढले आहेत.)

तीस तारखेला एस. टी. स्टँडवर तुम्ही मला काय हुकूम केला होता तो अजून कानात आहे. रागावलात की तुमचं पुस्तकातलं मराठी सुटतं आणि घरचं येतं. "मी त्या चंपतरावच्या हाताखाली बसू? अठ्ठावीस वर्षं हेडमास्तरकी केली म्या! तू रिकामाच आहे, तू जाय माह्या जागी. आन् तिथं काय फजिती होते ते सारं लिहून पाठव मले. एक शब्द गाळू नोको." एवढं बोलून तुम्ही छत्री विसरून गाडीत चढलात. तेव्हा हुकमाप्रमाणे लिहून राहिलो. आठवीत दोनदा बसूनही जे अक्षर सुधारलं नाही ते आज कुठून सुधारणार, ते सांभाळून घ्या.

जावईबापूंना मागचं माहीत नसेल म्हणून थोडक्यात लिहितो. नाल्याच्या अलीकडे आपली शाळा, पलीकडे चंपतरावांची. दोन्हीकडे पोरं कमी झाली, म्हणून सरकारने कागद काढला की दोन हायस्कुलांचं एकच मोठं हायस्कूल करा. इमारत त्यांची मोठी, म्हणून आपण तिकडे जायचं. हेडमास्तर दोन, खुर्ची एक. चंपतराव नोकरीत तीन महिन्यांनी जुने, म्हणून ते मुख्याध्यापक आणि मामा उपमुख्याध्यापक. चौदा तारखेला शिक्षणखात्याचा साहेब येऊन पाहणार. तोवर जो मास्तर रुजू झाला नाही त्याची जागा रिकामी धरणार. मामांचं रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं. आणि मामा रुसून लेकीकडे पारशिवनीला जाऊन बसले. झालं मागचं.

तर तुम्ही गेलात त्याच दिवशी दुपारी सहावी 'अ'च्या वर्गात आपल्या कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष रुपरावजी (ज्यांनी पाच पोरी उजवल्या आणि तेव्हापासून ज्यांना जगातली कोणतीही गोष्ट सोयरिकीसारखीच दिसते) उभे राहिले आणि म्हणाले, "मले एक सांगा, घरदार सोडून, सामान घेऊन, दुसऱ्याच्या घरी कोन जाते? पोरगी जाते. म्हंजे आपन पोरीवाले झालो! आपली शाळा त्यांच्याहून नऊ वर्षांनं मोठी. नऊ वर्षांनं मोठी नवरी कोनी पाह्यली काय गा?" विज्ञानाच्या मास्तरांनी सुचवलं की शाळेला नर-मादी नसते, पण त्यांना कोणी विचारत नाही हे तुम्ही जाणताच. तास दीड तास मोठा पेच पडला. रुपरावजी तर म्हणाले की असं असेल तर एकही बाक हलणार नाही. तेवढ्यात बायजाबाई माठात पाणी ओतायला आत आल्या होत्या, त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मंग घरजावई म्हना ना."

मामा, रुपरावजींच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पूर्वी पाहिला नव्हता. ठरलं! आपली शाळा नवरदेव, फक्त राहणार सासरी. लगेच मानपानाची यादी झाली. नाल्याच्या पुलावर सीमांतपूजन, बँड त्यांचा, पंगतीत पहिली रांग आपली, वाढपी त्यांचे. यादी घेऊन मीच पलीकडे गेलो. मला वाटलं चंपतराव ती फाडून टाकतील. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, एका ठिकाणी 'पंगत'वरचा अनुस्वार नीट केला आणि खाली लिहिलं, "सर्व मान्य. नवरदेवाकडील वडील मंडळींनी वेळेवर यावे." 'वडील' या शब्दाखाली रेघ होती. मी तेव्हा तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आपण निघालो. पुढे कामठीचा बँड (त्यांना लग्नाच्याच चाली येतात, त्यामुळे बरंच झालं), मागे खाकी चड्डीतली पोरं दोन-दोनच्या रांगेत, त्यांच्या मागे तीन बैलबंड्या. पहिल्या बंडीत बाक, दुसरीत फळे, नकाशे आणि तो एक हात गेलेला सांगाडा, तिसरीत बायजाबाई, त्यांचा माठ आणि दाखल-खारिजच्या रजिस्टरांची लोखंडी पेटी. रस्त्याने बाया दारात येऊन विचारत होत्या, "नवरी कुठली आहे वं?" एकीने सांगाड्याकडे बोट दाखवलं.

पुलाच्या तोंडाशी चंपतराव उभे होते. काळा कोट, टोपी, समोर पाट, हातात तांब्या. त्यांची निळ्या चड्डीतली पोरं मागे, एकही हलत नव्हतं. (त्यांची शिस्त मला ठाऊक आहे.) आता पाटावर उभं कोणी राहायचं? सगळ्यांनी मागे वळून तुम्हाला शोधलं. तुम्ही नाही हे माहीत असूनही शोधलं, सवयच आहे ती. मग रुपरावजींनी मला मागून ढकललं आणि म्हणाले, "मामाच्या जागी भाचा. हो उभा."

मामा, ज्या माणसाने मला सहा वर्षांपूर्वी शाळेतून काढलं (तुमच्याकडे दोनदा आपटलो म्हणून तुम्हीच मला पलीकडे घातलं होतं, आणि तिथे मी शाळेची घंटा उतरवून एका म्हशीच्या गळ्यात बांधली होती), तो माणूस माझ्या पायांवर पाणी घालून राहिला होता. माझी मान काही वर होईना. ते हळूच म्हणाले, "शालिकराम, सरळ उभा राहा. वर्गातही कधी सरळ बसला नाहीस." मग कुंकू लावताना आणखी हळू विचारलं, "आनंदराव?" मी म्हणालो, "पारशिवनीले." त्यांचा हात तिथेच थांबला आणि तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी माझ्या पॅन्टवर गेलं. मुद्दाम नव्हे. मी त्यांचा चेहरा पाहिला म्हणून सांगतो.

इथवर निभावलं होतं. पण दोन बंड्या पलीकडे गेल्या आणि तिसरी पुलाच्या मधोमध थांबली. बायजाबाई खाली उतरल्या, पेटी ओढून खाली घेतली आणि पुलावर तिच्यावर बसल्या. रजिस्टरांशिवाय शाळा कशी एक होणार? पोरांची नावंच त्या पेटीत. रुपरावजी धावले. त्यांना वाटलं वरमाय रुसली, मानाची साडी पाहिजे असेल. तशी साडी त्यांनी उभ्या उभ्या कबूलही केली.

"उठ ना वं बायजाबाई, लोकं पाहून राहिले!"

"पाहू दे. मले लुगडं नाही पाह्यजे."

"मंग काहून बसली वं?"

"बावीस वर्षं हेडमास्तरच्या टेबलावर पान्याचा गिलास ठेवला म्या. तिकडं गेल्यावर कोनाच्या टेबलावर ठेवू? तो मानूस तं पोरीच्या घरी जाऊन बसला. त्याचं टेबल दाखवा, मंग उठीन."

पलीकडे आपली पोरं खोळंबलेली, मधे बंडी, तिच्यामागे चार सायकलरिक्षा, एक भाजीची गाडी आणि कोणाची तरी खरी वरात. दोन्ही बँड एकमेकांना हटेनात. मी बायजाबाईंच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "तू सरक. तुह्या मामानं जे केलं तेच मी करून राह्यली."

चंपतराव हे सगळं ऐकत होते. ते आमच्या बाजूला चालत गेले. लोक म्हणाले, गेला म्हातारा रागावून, मोडलं लग्न. पाव तासाने परत आले तेव्हा टोपी खिशात होती आणि डोक्यावर खुर्ची. तुमची खुर्ची, मामा. वेताची, उजवा हात मोडका, वर मामीने शिवलेली उशी. ती आपण रिकाम्या ऑफिसात तशीच ठेवून आलो होतो, कारण तिला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती. छप्पन वर्षांचा तो माणूस, कोटासकट घामाने भिजलेला, वरातीतून वाट काढत आला, खुर्ची बायजाबाईंच्या समोर ठेवली आणि म्हणाला, "ही माझ्या खुर्चीच्या शेजारी राहील. टेबल एकच आहे, पण लांब आहे. तुम्ही गिलास दोन ठेवा."

बायजाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "त्याले नळाचं चालत नाही. माठातलंच लागते."

"माठ आणा."

त्या उठल्या.

पुढचं सगळं नीट झालं. वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी होती. रुपरावजींनी वरपक्ष म्हणून तीनदा बुंदी घेतली आणि चौथ्यांदा वाढप्याला बुंदी आणायला उशीर झाला म्हणून थोडं रुसून पाहिलं, पण पाहायला कोणी उरलं नव्हतं. आता खरी अडचण निराळीच आहे. आपली घंटा आणि त्यांची घंटा दोन्ही वाजतात, सात मिनिटांच्या अंतराने. पोरं आपल्या घंटेला येतात आणि त्यांच्या घंटेला सुटतात. प्रार्थना दोन, एकाच वेळी. खाकी एका भिंतीला, निळी दुसऱ्या भिंतीला, मधे नाला असल्यासारखी मोकळी जागा. मी चंपतरावांना म्हणालो, काहीतरी ठरवा. ते म्हणाले, घड्याळ कोणाचं खरं ते आनंदराव आल्यावर ठरवू. प्रार्थना? आनंदराव आल्यावर. सांगाड्याचा हात? आनंदराव आल्यावर. मी विचारलं, "आन् ते आलेच नाही तं?" त्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

तुम्ही फजिती लिहायला सांगितली होती, ती सगळी लिहिली. शब्द गाळला नाही. तुम्ही या, असं मी लिहीत नाही. भाच्याने मामाला असं लिहिणं बरं दिसत नाही, आणि जो स्वतः आठवीच्या पुढे कुठेच टिकला नाही, पाच वर्षांत पाच कामं सोडली, त्याने तर मुळीच लिहू नये. तुम्ही स्वस्थ बसा. जावईबापूंना माझा नमस्कार, लतिकाला आशीर्वाद (ती मोठी आहे, तरी देतो), आणि तुमच्या गुडघ्याला लवकर आराम पडो.

इथल्या सहाव्या कामावर अजून टिकून असलेला,
तुमचा शालिक

ता. क. मामी म्हणते की छत्री पाठवणार नाही, ज्याला भिजायचं नाही त्याने घरी यावं. जेवण मात्र दोघांचं रांधते आणि मग मला दोघांचं खायला लावत होती.

ता. क. आणखी एक. एक शब्द गाळला आहे, तो सांगतो. बुंदीच्या दिवशी हजेरीपट उघडला. चंपतरावांच्या नावाखाली तुमचं नाव, पुढचा रकाना कोरा. क्लार्कने गैरहजेरी मांडायला लाल शाईची दौत काढली आणि पान खायला बाहेर गेला. मामा, मी तुमची सही केली. वळून पाहतो तर दारात चंपतराव. मला वाटलं आता दुसऱ्यांदा काढतात. त्यांनी हजेरीपट डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "आनंदरावची सही इतकी वाचता येत नाही. शेपटी जरा बिघडव." मी बिघडवली. तेव्हापासून शनिवारपर्यंत रोज सकाळी जाऊन मी तुम्हाला हजर करत होतो. तुम्ही एक तारखेपासून रुजू आहात आणि एकदाही उशिरा आला नाहीत.

शनिवारी गाडीला निघताना मी त्यांना विचारलं, "सोमवारपासून कोन करन?" ते म्हणाले, "मी करतो. पण साहेब चौदाला येणार, आणि तो सही नाही, माणूस पाहणार. शिवाय त्याच्याइतकं वाईट अक्षर मला जमत नाही. त्याले लवकर पाठव."