दहा राखीव दिवस

प्रिय सावकाश,

सहा वर्षांनी तुला या नावानं हाक मारतेय. रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. ऑफिसनं आपल्याला सावकाश आणि घाई म्हणायला सुरुवात केली तेव्हा तू खुदकन हसली होतीस आणि मी चार दिवस फुगून बसले होते. माझं नाव किती बरोबर होतं ते कळायला मला या वयात पुन्हा अभ्यासाला बसावं लागलं.

हो, अभ्यास. प्रोजेक्ट मॅनेजरची ती मोठी परीक्षा, जी आपण दोघी एकत्र देणार होतो. ऑफिसात नवं फर्मान सुटलंय, वर्षअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणा, नाहीतर विभागप्रमुखाची खुर्ची सोडा. तेव्हा गेले पाच महिने स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल माझं आहे. लेक आता आठवीत आहे आणि ती माझी मास्तरीण. तिच्या गणितावरून मी जेवढी ओरडले, त्याचा सगळा वचपा ती काढतेय. एकशेऐंशी प्रश्न, जवळजवळ चार तास. शंभराव्या प्रश्नाला माझी पाठ हात टेकते. पहिल्या सराव परीक्षेत निम्मे प्रश्न चुकले, कारण मी अर्धा प्रश्न वाचूनच उत्तर ठोकून मोकळी होत होते. आता लेक मला ओळीखाली पट्टी धरून वाचायला लावते. तू असतीस तर तिला शाबासकी दिली असतीस.

या परीक्षेत व्याख्या फारशा विचारत नाहीत. एक प्रसंग सांगतात आणि विचारतात, तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? खाली चार उत्तरं, चारही शहाण्यासारखी. परवा संध्याकाळी लेकीनं सराव प्रश्नांचं एक कार्ड उचललं आणि वाचायला लागली. तुमच्या सहकाऱ्याच्या वेळापत्रकात तुम्ही बदल केलात, त्यामुळे काम बिघडलं, वरिष्ठ त्या सहकाऱ्याला जबाबदार धरतात. तिनं चार पर्याय वाचायच्या आत मी बरोबर उत्तर सांगितलं. खूश होऊन तिनं माझी पाठ थोपटली. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

तर सांगते. रुग्णालयाची रक्ततपासणीची प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायचं काम. चौदा महिने आपण दोघी त्यात बुडालो होतो. मी प्रमुख, वेळापत्रक तुझं. भला मोठा कागद जमिनीवर पसरून तू पालथी पडून रेघा ओढायचीस आणि मी डोक्यावर उभी राहून आटप, आटप करायचे. नव्या जागेत शीतकपाटं लावल्यावर ती नुसती चालू ठेवून रोज तपासायला तू दहा दिवस राखून ठेवले होतेस. मोठ्या साहेबांना तारीख अलीकडे हवी होती. बैठकीच्या आदल्या दुपारी तू जेवायला गेली होतीस. मी तुझ्या संगणकावर बसले आणि ते दहा दिवस काढून टाकले. तुला संध्याकाळी सांगणार होते. मग दुसरंच काहीतरी निघालं आणि राहून गेलं. मी तुला कधीच सांगितलं नाही.

पुढचं तुला पाठ असेल. हलवल्याच्या तिसऱ्या दिवशी कपाटांच्या भारानं नव्या जागेतली वीज बंद पडली, कपाटं गरम झाली आणि तीनशे माणसांचे नमुने वाया गेले. साहेबांनी वेळापत्रक टेबलावर आपटून विचारलं, कुणी केलंय हे? पहिल्या पानावर तुझं नाव होतं. तू कागद उलटसुलट करून पाहत राहिलीस, मग म्हणालीस, मी केलंय. आणि मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसले. सगळं खापर तुझ्यावर फुटलं. त्यानंतर चार दिवस तू फोनला चिकटून होतीस, एकेका माणसाची माफी मागून पुन्हा रक्त द्यायला या म्हणत होतीस. पाचव्या दिवशी खुर्चीवरची शाल घडी करून तू निघून गेलीस, तेव्हा मी साहेबांच्या खोलीत होते. परिस्थिती सावरल्याबद्दल ते माझं कौतुक करत होते आणि मी ते ऐकून घेत होते.

मला वाटायचं, तुला सगळं माहीत आहे. तुझी नजर चुकतच नाही, तेव्हा तू मला ओळखून सांभाळून घेतलंस, असं मी ठरवून टाकलं. त्या समजुतीवर मी सहा वर्षं काढली. तू एका शाळेत प्रवेशाच्या खिडकीवर बसतेस, असं मध्यंतरी कळलं. वाटलं, बरं चाललंय, शांत काम आहे. असं वाटून घेणं सोयीचं होतं गं.

आता पत्राचं कारण. परीक्षेला बसण्याआधी अर्ज भरावा लागतो, कुठली कामं सांभाळली, किती महिने, आणि ते पाहिलेल्या माणसाचं नाव, त्याला लिहून ते खात्री करून घेतात. छत्तीस महिने लागतात. प्रयोगशाळेचे चौदा धरले नाहीत तर माझे पंचवीसच भरतात. तुला न विचारता मी तुझं नाव लिहिलं. तू उत्तरच देणार नाहीस आणि अर्ज आपोआप बारगळेल, असं वाटलं होतं. म्हणजे नाही म्हणायचं कामही मी तुझ्यावरच ढकललं. काल तुझं उत्तर आलं, मलाही त्याची प्रत मिळाली. तू लिहिलंयस, काम यांनी उत्तम सांभाळलं. आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, शीतकपाटांच्या तपासणीचे दिवस धरायला मी विसरले होते, ती चूक माझी, यांची नाही, त्यानंतर मी अशी जबाबदारी घेणं सोडलं. ते मी ओळीखाली पट्टी धरून पुन्हा वाचलं. तुला माहीतच नव्हतं. अर्ज मी आज सकाळी मागे घेतलाय आणि साहेबांना सगळं लेखी कळवलंय, खुर्ची जाईल ती जाईल. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला नाही. सोबत तुझ्या मूळ वेळापत्रकाची प्रत आहे, मी हात लावण्याआधीची. सातवं पान बघ. तू काही विसरली नव्हतीस.

तुझीच, म्हणायचा हक्क उरला असेल तर,
घाई